अखाजीचं ताट

हेमराजच्या उजव्या मांडीला फोन वाजायचा, खिशात फोन नसला तरी. अंघोळीला बसला तरी मांडी थरथरायची. मग ओल्या हातानं तो खुंटीवरच्या पँटचा खिसा चाचपायचा, फोन बाहेर चार्जिंगला लावलाय हे आठवायचं, आणि पुन्हा तांब्या उचलेपर्यंत खरोखरच फोन वाजायचा. हा कंपनीचा फोन. हेमराज जळगावच्या एका ठिबक कंपनीत सर्व्हिस इन-चार्ज होता. जिल्ह्यात कुठं नळी फुटली, फिल्टर तुंबला, व्हॉल्व अडकला, की शेतकरी ज्याच्या नावानं बोटं मोडतो, तो माणूस. भर उन्हाळ्यात खानदेशात शेताचं पाणी अडलं तर शेतकरी काय बोलेल याला धरबंध नसतो. ते बोलणं ऐकून घ्यायचं, वर ‘हो नाना, माणूस पाठवतो’ म्हणायचं, हे त्याचं काम.

आणि हे काम त्याला आवडायचं, हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणारा म्हणेल, गडी मुळातच कामचुकार. अजिबात नाही. पूर्वी तो स्वतः शेतात जायचा. दुरुस्ती झाली तरी निघायचा नाही. वाफ्याच्या पार टोकाला जाऊन उकिडवा बसायचा, तिथल्या शेवटच्या झाडाच्या बुडाशी पाण्याचा थेंब पडलेला डोळ्यांनी बघायचा, मगच मोटरसायकलला किक मारायचा. शेतकरी हसायचे. ‘हेमराजभाऊ, पाणी काय पळून जातं का?’ म्हणायचे आणि केळीची फणी डिक्कीत कोंबायचे. अलीकडे तो टोकापर्यंत जात नव्हता. फिल्टरपाशीच सही घ्यायचा आणि निघायचा. कधीपासून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

होळीच्या आसपास धुळ्याचा इन-चार्ज प्रेमराज गेला. गेला म्हणजे नोकरी सोडून गेला. एका सकाळी त्यानं ऑफिसच्या टेबलावर कंपनीचा फोन ठेवला, त्यावर मोटरसायकलची किल्ली ठेवली, आणि सरळ स्टँडवर जाऊन गावाकडच्या एसटीत बसला. भांडण नाही, तंटा नाही. कंपनीत सगळे म्हणाले, डोकं फिरलं असेल. मालक रतिलालशेठ हेमराजला म्हणाले, “चार दिवस धुळं बघ. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?” चालत्या बैलालाच पराणी बसते. ते चार दिवस होळी गेली, पाडवा गेला, तरी संपायचं नाव घेईनात. सकाळी जळगाव, दुपारी धुळं, संध्याकाळी परत, आणि रस्ताभर फोन.

एकदा त्या रस्त्यावर तो पारोळ्याला चहाला थांबला आणि त्याच्या लक्षात आलं की एरंडोल कधी मागं पडलं ते आपल्याला ठाऊकच नाही. गाडी चालवत आलो, वळणं घेतली, समोरून ट्रक आले असतील, पण आठवत काहीच नव्हतं. हातातला चहा तसाच राहिला. मग फोन वाजला आणि त्यानं तो विचार तिथंच टाकून दिला.

घरी, जळगावातल्याच मेहरूणला, त्याची बायको दिपमाला हे सगळं बघत होती. तिनं मुद्दाम भरीत केलं, तर तो ताट पुसून उठला आणि हात धुताना विचारतो, आज काय होतं जेवायला? लेक पुनम म्हणाली, बाबा, माझ्या सायकलची चेन पडते. तर हा भिंतीकडे बघत म्हणाला, “तक्रार नोंदवून घेतली आहे, उद्यापर्यंत माणूस येईल.” पुनम खदखदून हसली. दिपमाला हसली नाही.

“अहो, तुम्हाला काहीतरी होतंय,” ती म्हणाली.

“उन्हाचं असेल.”

जळगावात उन्हावर काहीही ढकलता येतं. पोट जळतंय, उन्हाचं. झोप नाही, उन्हाचं. मुलीवर खेकसलो, उन्हाचंच. मेडिकलमधून पोटाची पावडर आणून तो पाण्यात ढवळून प्यायचा आणि कामाला लागायचा.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. त्याच्या हाताखालचा नवल नावाचा तंत्रज्ञ सुट्टी मागायला आला. अखाजीला त्याची बहीण माहेरी यायची होती. आता खानदेशातल्या लेकीबाळींसाठी अखाजी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. दिवाळीला एखादी नाही आली तर चालतं, पण अखाजीला झोका बांधलेला असतो, मैत्रिणी जमलेल्या असतात, आणि भावानं मुराळी होऊन तिला आणायला जायचं असतं. हेमराज मान वर न करता म्हणाला, “सीझन आहे. सगळ्यांनी सण केले तर काम कोण करेल?” नवल म्हणाला, “बरं भाऊ,” आणि निघून गेला. तो गेल्यावर हेमराजला कसंतरी झालं. हा नवल म्हणजे कंपनीतला सगळ्यात भांडकुदळ प्राणी. चहात साखर कमी पडली तरी वाद घालायचा. त्यानं नुसतं ‘बरं भाऊ’ म्हणावं? प्रेमराजही शेवटी शेवटी असाच झाला होता. ज्याला त्याला ‘बरं’ म्हणायचा.

दुसरी गोष्ट कौतिकनानांची. रावेरकडचे हे केळीवाले नाना हेमराजचे जुने गिऱ्हाईक, डिक्कीत फणी कोंबणाऱ्यांपैकी पहिले. त्यांच्या शेतातला एक व्हॉल्व अडकला. केळी ऐन घडावर आलेली. हेमराज म्हणाला, उद्या माणूस येतो. आणि विसरला. विसरला म्हणजे पार विसरला, कुणाला सांगितलंच नाही. नानांचा पुन्हा फोन आला तेव्हा त्या पट्ट्यातली पानं करपली होती, झाडं घडासकट मोडून पडत होती. धिप्पाड, रागीट म्हातारा, पण त्याचा आवाज फुटला होता. “लेकरावानी वाढवेल केयी होती भाऊ,” एवढंच म्हणाला.

हेमराजनं माफी मागितली, नवलला तातडीनं पाठवलं, फोन ठेवला आणि थांबून वाट बघितली. आता वाईट वाटेल, असं त्याला वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. छातीत हात घालावा आणि आत रिकामी गोणी लागावी तसं. याच नानांच्या शेतात तो थेंब पडायची वाट बघत बसला होता. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा भीती वाटली. शेठची नाही, नानांची नाही, स्वतःचीच.

आणि नेमका त्याच संध्याकाळी शेठचा फोन आला. “अखाजीला घरी जेवायला ये. धुळं आता तुझ्याकडे कायमचंच देऊन टाकू. दोन्ही जिल्हे, वरचं पद, चारचाकी. तोंड गोड करू.”

“बरं शेठ,” हेमराज म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचं ते ‘बरं’ ऐकू आलं आणि तो घरात येरझाऱ्या घालू लागला.

बापाला, झिपरू आबाला, ही बातमी कळली तेव्हा म्हातारा पलंगावर सावरून बसला. हेमराजचं तोंड बघून म्हणाला, “शेठ सोता जेवाले बलावस, आनि हेमा, तू तोंड पाडी बठना? मोठा मान शे तो.”

आबानं उभा जन्म सालदारकीत काढला होता. पारोळ्याकडच्या एका गावात, एकाच मालकाच्या शेतात. साल म्हणजे अखाजी ते अखाजी. अखाजीला सालदाराचं साल फिटायचं, हिशेब व्हायचा, आणि गडी मोकळा. पुढच्या सालाला राहतोस का, असं त्यांच्या गावात मालक तोंडानं विचारत नसे. तो जेवायला बोलवायचा. खापरावर, म्हणजे चुलीवरच्या पालथ्या मातीच्या भांड्यावर, भाजलेले मांडे, आंब्याचा रस, कुरडया. सालदार पानावर बसून जेवला की पुढचं साल बांधलं गेलं. राहायचं नसेल त्यानं घास तोंडात घालायच्या आधी सांगायचं, राम राम करायचा आणि उपाशी निघायचं. जेवून ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. सहीबिही काही नसायची, पण जेवलेल्या अन्नाला गावात कुणी खोटं पाडलेलं नव्हतं.

हेमराज लहान असताना एका अखाजीला आबा मालकाला सोडणार होता. हेमराजच्या मामानं जळगावला डाळमिलमध्ये त्याच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. आई, भागाबाई, सकाळपासून बोचकं बांधत होती. भांडी, गोधडी, देव. ती गुणगुणत होती आणि हेमराज तिच्या पायात पायात करत होता, कारण जळगावला त्याला रेल्वे बघायची होती. आबा सांगायला गेला. मालक वाईट नव्हता, तीच तर पंचाईत. आबानं तोंड उघडताच तो प्रेमानं म्हणाला, “झिपरू, आधी जेयी ले. मंग बोलूत.” समोर रसाची वाटी होती, मालकीण आग्रह करत होती, आणि अख्खा उन्हाळा कण्या-भाकरीवर काढलेला माणूस पानावर बसला.

तो घरी आला तेव्हा भागाबाई दारात उभी होती. तिनं विचारलं, “जेयी उनात का?” जेवून आलात का, एवढंच. आबानं मान खाली घातली. ती आत गेली आणि बोचक्याची गाठ सोडू लागली. देव परत कोनाड्यात ठेवले. रडली नाही, रागावली नाही, पण पुढे कुठल्याही अखाजीला तिनं ती गोष्ट पुन्हा काढली नाही. जळगावला ती आली ती थेट हेमराजला नोकरी लागल्यावर, आणि दोन-चार वर्षांतच गेली. त्या मोकळ्या होत गेलेल्या बोचक्याची आठवण हेमराजला अजून नीट झेपत नसे.

अखाजीच्या सकाळी घरात पितरांची घागर भरली. भागाबाईच्या नावानं नैवेद्य निघाला. हेमराजला एका जागी बसवेना. अंगणात गेला, परत आला, चप्पल घातली, काढली. मग त्यानं नवलला फोन लावला. “आज येऊ नकोस. बहिणीला आणायला जा.”

पलीकडून नवल म्हणाला, “आता सांगता का भाऊ? पहिली एसटी गेली की माझी.” आणि चांगला कावला. हेमराजला बरं वाटलं. नवल शिल्लक होता तर.

निघताना दिपमालानं त्याच्या हातात इस्त्रीचा शर्ट दिला. “काय ते आज बोलून या,” ती म्हणाली. “तुम्ही घरी येता, पण आलेले नसता. मला त्या चारचाकीत बसायचं नाही.” आबा ओसरीवरून ओरडला, “पोट भरी जेव रे भो. लाजजो नको.”

शेठचा बंगला रिंग रोडला. हेमराज चालतच गेला. शेठ सत्तरीला टेकलेले, पांढरा सदरा, मनानं उदार. त्यांच्या वडिलांची धुळ्याकडे मोठी शेती होती. स्वतः त्यांनी सायकलला नळ्यांची वेटोळी बांधून गावोगाव विकली होती, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकूंनी खास शिरपूरकडून मांडे करणारी बाई बोलावली होती. रुमालासारखे पातळ मांडे, थंडगार रस, कुरडई, भजी. ताटाभोवती रांगोळी. हेमराज पाटावर बसला आणि त्याच्या मांडीला थरथर सुरू झाली. या वेळी फोन खिशात होता आणि खराच वाजत होता.

“घे, सुरू कर,” शेठ म्हणाले.

हेमराजला भूक होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यानं मांड्याचा तुकडा मोडला, रसात बुडवला. पक्वान्नाचा वास नाकात गेला आणि त्याला वाटलं, जाऊ दे. खाऊन घ्यावं. चारचाकी काय वाईट आहे? बोलायचं ते सवडीनं बोलू, पावसाळा लागला की. असंच आबालाही वाटलं असेल.

“शेठ, धुळ्याचं जरा...” त्यानं कसंबसं सुरू केलं.

“अरे, आधी जेवून घे,” शेठ मायेनं म्हणाले. “मग बोलू.”

हेमराजचा हात ताटावरच थांबला. रसाचा थेंब बोटावरून ओघळून रांगोळीत पडला. त्यानं तो तुकडा वाटीत परत ठेवला.

“नाही शेठ,” तो म्हणाला. “जेवण्याआधीच बोललं पाहिजे. जेवल्यावर मला बोलता येणार नाही.”

काकू हातात तुपाची वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शेठच्या कपाळाला आठी पडली. भरल्या ताटावर हात आखडणं म्हणजे अन्नाचा अपमान, आणि तोही सणाला. हेमराजचे कान तापले होते, पण आता गाडी उताराला लागली होती. त्यानं आबाचं सालदारकीचं सांगितलं, बोचक्याचंही सांगितलं. कौतिकनानांची केळी आपल्यामुळे वाळली हे सांगितलं. “आणि शेठ, मला वाईटसुद्धा वाटलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटते. काम जास्त आहे म्हणून रडत नाहीये मी. मी आतून वाळत चाललोय. नवलही तसाच होतोय, आणि त्याला तसा मीच करतोय. प्रेमराजचं डोकं फिरलं नव्हतं. त्यानं आपल्याला सांगितलं असणार, आपण ‘चार दिवस काढ’ म्हणालो असणार.”

“म्हणजे सोडून चाललास?” शेठचा आवाज चढला.

“नाही. धुळ्याला वेगळा माणूस नेमा. आणि हा फोन आम्हा सगळ्यांत फिरता ठेवा. ज्याची पाळी त्यानं उचलायचा, बाकीच्यांनी घरी गेल्यावर घरीच असायचं. हे जमत असेल तर मी आहे. जमत नसेल तर माझं साल फिटलं.”

त्यानं खिशातून फोन काढला आणि ताटाशेजारच्या चौरंगावर ठेवला. त्याचं बोलणं थांबलं नाही तोच फोन वाजला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. हेमराजचा हात सवयीनं पुढे गेला होता, त्यानं तो मांडीखाली दाबून धरला. शेठनी वैतागून फोन उचलला. चोपड्याकडचा कुणीतरी होता. मोटर चालू आहे आणि पाणी पुढं जात नाही, म्हणून त्यानं शेठना जी सरबत्ती सुरू केली, तिच्यात शेठच्या मागच्या पिढ्याही आल्या. “अहो, ऐका तर, मी मालक बोलतोय,” शेठ म्हणाले. त्यावर तो म्हणाला, मग तर थांबाच. कसाबसा तो फोन संपला, तोवर दुसरा आला. दुसरा संपताच तिसरा. शेठच्या ताटातला मांडा सुकून वर वळला.

शेठनी फोन पालथा घातला. तरी तो लाकडी चौरंगावर गुरगुरतच होता.

“दिवसभर असंच चालतं?”

“आज सण आहे,” हेमराज म्हणाला. “म्हणून कमी आहेत.”

शेठचा राग गेला होता असं नाही. पन्नास जणांना जेवू घालणारा माणूस तो, त्याच्या घरातून कुणी उपाशी उठलेलं नव्हतं. “आमच्या अण्णांकडेही सालदार होते,” ते शेवटी म्हणाले, “अखाजीला पंगत बसायची. मी लहानपणी वाढायला असायचो. आग्रह करून करून वाढायचो. मला वाटायचं, आपण केवढं पुण्य करतोय.” काकूंनी हळूच हेमराजच्या पुढ्यातलं ताट उचललं. तो उठला, दोघांच्या पाया पडला.

फाटकापर्यंत शेठ स्वतः आले. तोंड अजून आंबटच होतं. “उद्या ऑफिसात ये,” ते म्हणाले. “बोलू. चहासुद्धा सांगणार नाही.”

आतमध्ये फोन वाजत होता. हेमराजची मांडी थरथरली आणि तो तसाच चालू लागला.

उन्हं रणरणत होती. मेहरूण तलावाकडून येणारा वारासुद्धा भाजत होता. उद्या काय होईल ते त्याला ठाऊक नव्हतं. शेठ हो म्हणतील, किंवा रात्रीतून विचार बदलतील. रस्त्यात दोनदा त्यानं रिकामा खिसा चाचपला. एका घरापुढच्या लिंबाला झोका बांधला होता, माहेरवाशिणी गाणं म्हणत होत्या. तो थांबून ऐकत उभा राहिला. गाण्यातली माय लेकीची वाट बघत होती. हेमराजचे डोळे भरून आले, आणि भरून आले याचाच त्याला इतका आनंद झाला की तिथंच, भर रस्त्यात, त्याला कौतिकनानांच्या केळीचंही वाईट वाटलं. नीट, मनापासून.

घरी आबा ओसरीवर वाट बघत बसला होता. उत्सुकतेनं त्याची मान पुढं आलेली. त्यानं विचारलं, “जेयी उना का?”

हेमराजनं पायरीवर चप्पल काढली. “नही आबा. उपाशी शे.”

म्हाताऱ्याचं तोंड उघडं राहिलं. तो रागावणार, असं दारात आलेल्या दिपमालाला वाटलं. पण आबानं कोनाड्यातल्या भागाबाईच्या फोटोकडे बघितलं, मग लेकाच्या रिकाम्या हातांकडे, आणि भिंतीला धरून हळूहळू उभा राहिला.

“त्या दिन मी जेवाले नको व्हतं,” तो म्हणाला. मग सुनेकडे वळला. “खापर ठेव वं माय. हेमा उपाशी शे.”